चव्वेचाळीस दिसलं का वापस

...आन् वरतून लोक मलेच हसून राहिले! हसा. वरुडची गाडी यायले अजून वेळ आहे, तुमालेबी काम नाई, मलेबी नाई. पन हसायच्या आधी येवढं सांगा, गणित कुठं चुकलं? अठरा वर्षं झाले पांढुर्ण्यात गणित शिकवून राहिलो, या बसस्टँडावरचे अर्धे पानठेलेवाले माह्या छडीखाली पाढे शिकले, आन् तेच आज म्हन्तेत, "काऊन सुधाकर गुरुजी, बायकोलेबी वापस केलं म्हन्ते?" अरे, बायकोले कोन वापस करते? मी टपाल वापस केलं. टपाल!

तुमाले सांगतो, सुरुवात झाली एका कोड्यापासून. पेपरात आलं होतं. नऊ खाने, एक ते नऊ आकडे, आडवे जोडा, उभे जोडा, तिरपे जोडा, पंधरा झाले पायजे. आता गणिताच्या मास्तरासमोर कोनी असं कोडं ठेवते का बाप्पा? चहा थंडा व्हायच्या आधी सोडवलं न पाठवून देल्लं. पंधरा दिवसांनी दिल्लीहून पत्र! "बधाई हो श्रीमान! आपने ट्रांजिस्टर जीता है!" मागून पार्सल आलं, ते पोस्टात पैसे भरून सोडवलं, आमच्या मालतीनं, म्हंजे माह्या बायकोनं, खोक्याले हळदकुंकू वाहिलं, उघडलं... तं आत वीट! बरं नुसती नाई, कोपरे फुटू नये म्हनून गवतात निजवलेली वीट! येवढी काळजी लोकं लेकराची घेत नाईत.

वीट गेली मोरीपाशी, पन माहा पत्ता गेला ना त्याइच्या हाती! मग रोजचं सुरू. टॉनिक, मंतरलेली अंगठी, टक्कल घालवाचं तेल... आन् मालतीचा स्वभाव कसा, कागद हाती आला का पुरा वाचते, आन् वाचला का तिले पटते. "अहो, हे तेल खरं असन, याले सोन्याचं मेडल भेटलं म्हन्ते!" मी म्हन्लं, आता हे दारावरच थांबवा लागन. पन वळखाचं कसं? कंपनीचं नाव दर वेळी नवं. लिफाफा कधी गुलाबी, कधी सरकारी वानी खाकी, एकावर तं लग्नपत्रिकेसारखा गणपती! पन बेटे हो, मागं पाठवनाऱ्याचा पिनकोड आहे ना, तो कुठं नेसान?

मी सगळे लिफाफे मांडले. सहा आकड्यातले मागचे तीन बदलून राहिले, समोरचे तीन तेच. एकशे दहा, एकशे दहा, एकशे दहा! म्हंजे सारी दिल्ली. पुठ्ठा घेतला, त्याले खिडकी कापली. पिनकोडवर ठेवला का मागचे तीन झाकले, समोरचे तीन उघडे. खिडकीत एकशे दहा दिसलं का टपाल वापस! आमचे पोस्टमन नत्थूजी, त्याइले पुठ्ठा देल्ला न एक रबरी शिक्काबी करून देल्ला, "नको आहे, वापस", खाली माही सही. महिनाभर घर शांत. चूक काढा बरं यात! गणित कुठं चुकलं?

पन ते कंपनीवाले का कमी आहेत? त्याइनं नागपुरात एजंट धरला! आता चारशे चाळीस. मी पुठ्ठ्याले दुसरी खिडकी कापली, तं ते सरकले चारशे एक्केचाळीसवर, मग बेचाळीसवर, मग... मी म्हन्लं थांब लेका! मागचे चार झाकले, समोरचे दोनच ठेवले. चव्वेचाळीस दिसलं का वापस!

नत्थूजीनं चश्मा वर केला. "पाहा बरं गुरुजी, चव्वेचाळीसमंदी तं सारा विदर्भ येते. आपलं पांढुर्णं एमपीत, पन तुमचे सोयरे सारे तिकडचेच."

मी म्हन्लं, "नत्थूजी, आपल्याकडं सोयरा पत्र लिवते का? सोयरा सीधा गाडीत बसते न येते! बोलावनं घेऊन येते, सुपारी घेऊन येते, काई नसलं तं पिशवीभर संत्रे घेऊन येते न चार दिवस राहते."

"हाव जी, हेबी बरोबर," म्हन्लं त्याइनं न पुठ्ठा थैल्यात टाकला.

आता तुमीच सांगा, गणित कुठं चुकलं? सांगतो. गणित नाई चुकलं. साळा चुकला!

मनोहर, मालतीचा भाऊ, वरुडले असते. पाच वर्षांआधी माह्या घरी जेवून राहिला होता. मी सहज म्हन्लं, "तुमच्या वरुडच्या संत्र्यात बिया जास्त." गडी भरल्या ताटावरून उठला! तेव्हापासून येनं नाई, जानं नाई. मालती दर भाऊबीजेले ओवाळनीचं ताट घासून ठेवे न तसंच वापस फळीवर ठेवे. मले दिसे, मी पेपर वाचे. औंदा त्या भल्या मानसाचं मन पिघळलं. पन भांडलेला मानूस सीधा येईन कसा? तो लिवन! त्यानं लिवलं, "ताई, भाऊबीजेले ये. भाऊजीलेबी आन." नत्थूजीनं पुठ्ठा ठेवला. चव्वेचाळीस. धाप! "नको आहे, वापस." त्यानं पुन्हा लिवलं, म्हन्लं माहं चुकलं. धाप! तिसऱ्यांदा लिवलं. धाप!

हे कळलं कधी? भाऊबीज झाल्यावर! मालतीची अंबामावशी वरुडहून आली, सीधी, गाडीनं, आन् अंगनातूनच वरडली, "काऊन वं मालते, भावाचे तीन-तीन पत्रं वापस करते? वर शिक्का मारते, नको म्हनून? तो पोरगा ढसढसा रडला न वं!"

मालतीनं माह्याकडं पाह्यलं. ती भांडली असती तं मी भांडलो असतो, माह्याकडं मुद्दे होते! पन तिनं ते घासलेलं ताट पिशवीत टाकलं, मावशीचा हात धरला न गाडीत बसली.

म्हन्लं, जाऊ दे. चार दिवसांनी राग उतरन, पत्र येईन. चार गेले, आठ गेले, बारा गेले... खिचडी करपून राहिली, घरात बोलायले कोनी नाई, खोटं कायले बोलू, मले गमून नाई राहिलं. तेराव्या दिवशी फळ्यावर पोराइले भागाकार सांगता सांगता हातातला खडू पडला. अरे, ती लिवन तं वरुडहून लिवन ना!

धावत सुटलो. नत्थूजीले चौकात गाठलं. "हाव जी, दोन आल्ते," ते म्हन्ले. "दोन्ही वापस केले. एकबी चुकू नाई देल्लं."

"काय लिवलं होतं?"

"कार्ड असतं तं वाचलं असतं जी. आंतरदेशीय होतं, चिपकवलेलं."

त्याइचीबी चूक नाई. पुठ्ठ्याचीबी नाई. अन् सांगून ठेवतो, तेव्हापासून त्या कंपनीचा एक कागद माह्या उंबऱ्यात नाई आला! आहे हिंमत कोनाची, गणितात चूक काढायची?

ते पाहा, आली गाडी. कंडक्टर आपलाच विद्यार्थी आहे, विजय. सकाळीच मले म्हने, "गुरुजी, संध्याकाळच्या परतीच्या गाडीत एक जागा धरून ठेवू का दोन?"

मी म्हन्लं, "बाबू, तेच तं त्या वापस गेलेल्या पत्रात लिवलं होतं."