कारणाचा रकाना

बायको : पुन्हा वाचा. आणि कागदाकडे नाही, माझ्याकडे बघून वाचा.

सेक्रेटरी : वहिनी, तुम्ही उगीच मनाला लावून घेताय. क्लबचा साधा फॉर्म आहे हो. मॉडेल विमान मोडलं की भरायचा, फळ्यावर लावायचा, संपलं.

बायको : वाचा.

सेक्रेटरी : "रविवारी सकाळी सरांचं रिमोटवरचं जेट उतरताना चाकं जाम झाली. चाकाचा डावा पाय पंखातून उखडला. विमान पोटावर घसरत प्रेक्षकांच्या दोरीपर्यंत गेलं. कारण : हवेच्या ब्रेकच्या जोडणीतील दोष. जोडणी करणार : सरांच्या सौ."

बायको : सरांच्या सौ! एकतीस वर्षं बसच्या डेपोत ब्रेक विभागात काढली मी. पन्नास माणसं भरलेल्या बसचा ब्रेक माझ्या हातून जायचा. एकदासुद्धा, एकदासुद्धा कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. आणि आता एवढ्याशा खेळण्यापायी माझ्या नावावर दोष?

सर : खेळणं नको म्हणूस गं.

बायको : तुम्ही गप्प बसा. परवापासून मिठाची गुळणी धरून बसला होतात, आत्ताच कसा कंठ फुटला?

सेक्रेटरी : बसची गोष्ट वेगळी, वहिनी. तिथे सगळं मोठं, ढोबळ. हे नाजूक काम. मी तर म्हणतो, या वयात हात काळे करायची हौस कशाला?

बायको : तुमचं लाल जेट आहे ना? त्याचे ब्रेक कोणी बसवले?

सेक्रेटरी : तसं म्हटलं तर... तुम्हीच.

बायको : थांबतं का वेळेवर?

सेक्रेटरी : अगदी रेघेवर थांबतं. तो मुद्दा नाही.

बायको : तोच मुद्दा आहे! क्लबातल्या पाच जेटचे ब्रेक बसवले मी. तेव्हा नाही कोणाला माझे काळे हात दिसले. त्यातलं एक डॉक्टरांचं, काल त्यांचा निरोप आला, "वहिनी, विमान जरा दुसऱ्याकडून तपासून घेतो, राग नसावा." राग नसावा म्हणे! हा कागद फळ्यावर लागला की उरलेलेही आपापली विमानं काखेत मारून दुसरीकडे जातील. मग मी काय करायचं? खिडकीत बसून रस्ता बघायचा?

सर : अगं, एका ओळीचं एवढं काय? लोक विसरतात. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर मी किती शेरे लिहिले, एकाला तरी आठवत असेल का?

बायको : ज्याच्या पुस्तकावर लिहिले त्याला विचारा. उठा दोघंही. या टेबलाशी या. विमान उलटं करून ठेवलंय, उखडलेला पाय वाइसच्या जबड्यात आवळून धरलाय, नळ्या होत्या तशाच आहेत. मी एका स्क्रूला हात लावलेला नाही. सेक्रेटरी, तुमचं म्हणणं काय, नेमका कसला दोष?

सेक्रेटरी : माझं म्हणणं असं की... हवा गळाली असणार. टाकीतली हवा गेली आणि ब्रेक आवळले गेले.

बायको : असं होतं ते बसमध्ये. बसची हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाक धरलं जातं. इथे उलटं आहे. इथे हवा गेली की चाक मोकळं. ब्रेक लागायला हवाच लागते. ती चाकात शिरते, आतलं रबराचं कडं फुगतं, ते चाकाला आतून धरतं. वर्षभर या क्लबाचे सेक्रेटरी आहात ना?

सेक्रेटरी : मी हिशोब आणि पत्रव्यवहार बघतो.

बायको : मग दोष कोणी ठरवला? पत्रव्यवहाराने? हा घ्या, साबणाचा फेस. प्रत्येक सांध्याला लावा. शंभर पौंड हवा भरलीय. एक तरी बुडबुडा दाखवा, मी स्वतः त्या कागदावर सही करते.

सेक्रेटरी : ...नाही दिसत.

बायको : नीट बघा. चष्मा पुसा हवं तर.

सेक्रेटरी : नाहीय वहिनी. एकही नाही.

बायको : आता हा वजनाचा काटा. हुक चाकाला लावा, मी हाताने हवेची झडप दाबून थोडा ब्रेक देते, तुम्ही चाक फिरेपर्यंत ओढा. उजवं किती?

सेक्रेटरी : सव्वा किलो.

बायको : डावं?

सेक्रेटरी : सव्वा. जवळजवळ तितकंच.

बायको : जवळजवळ नाही, तितकंच. दोन्ही नळ्या मापून एका लांबीच्या कापल्यात मी. एक चाक आधी धरलं असतं तर विमान गवतात वळलं असतं. वळलं का?

सेक्रेटरी : नाही. सरळच गेलं. सरळ दोरीकडे.

सर : झालं ना आता? दोष सापडत नाही, तर "कारण अज्ञात" लिहा आणि मिटवा. सेक्रेटरींना दुकान उघडायचं असेल.

बायको : काय घाई आहे तुम्हाला मिटवायची? माझ्या जागी तुमचं नाव असतं तर एव्हाना तीन पानी खुलासा लिहून झाला असता. मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन. टायर बघा, सेक्रेटरी. हात फिरवा.

सेक्रेटरी : इथे सपाट झालाय. घासलाय.

बायको : दुसरा?

सेक्रेटरी : तोही. तेवढाच.

बायको : बाकी टायर नवाकोरा. म्हणजे काय? उतरताना चाक एकदासुद्धा फिरलेलं नाही. जमिनीला टेकलं तेच जाम होऊन टेकलं. पळताना ब्रेक लागला असता तर चाक आधी फिरलं असतं. डेपोत असा टायर आला की आम्ही ब्रेककडे बघायचोच नाही, ड्रायव्हरला बोलवायचो. ब्रेक आपल्या मनाने काही करत नाही हो. त्याला कोणीतरी सांगावं लागतं. अहो, रिमोट द्या.

सर : त्याची बॅटरी उतरलीय.

बायको : काल दुपारी मीच चार्जरला लावलाय. द्या.

सर : कपाटात आहे. किल्ली बघावी लागेल.

बायको : तुमच्या मागे खुर्चीवर आहे. पाठीने दाबून बसलात तोच.

सेक्रेटरी : सर, द्या ना. एवढं बघितलंय, तेही बघू.

बायको : हं. आता ऐका. मी ब्रेक ठेवला होता या कडेच्या कळीवर. डाव्या हाताच्या बोटाने ओढायची. ओढते मी. चाक धरलं?

सेक्रेटरी : नाही. मोकळंच आहे.

बायको : आता ही उजवी स्टिक, हा छोटा दांडा. स्वतःकडे ओढली की विमान नाक वर करतं. उतरताना टेकायच्या आधी सगळेच ओढतात. तुम्ही चाक फिरवत राहा.

(फुस्स असा आवाज येतो. चाक जागच्या जागी थांबतं.)

सेक्रेटरी : अरे बाप रे! म्हणजे नाक वर करायला ओढलं की...

बायको : की हवेतच ब्रेक. चाकं जमिनीला लागायच्या आधीच आवळलेली. पाय उखडेल नाहीतर काय होईल? नशीब दोरीपाशी थांबलं, पलीकडे माणसं उभी होती.

सेक्रेटरी : या रिमोटमध्ये शंभर सेटिंग असतात, वहिनी. आपोआप बदललं असेल.

बायको : आपोआप फक्त दूध उतू जातं. इथे चार वेळा बटण दाबून "खात्री आहे का" याला "हो" म्हणावं लागतं. मी म्हटलेलं नाही. आणि या घरात आम्ही दोघंच राहतो.

सेक्रेटरी : सर?

सर : शनिवारी. ही शेजारी गेली होती तेव्हा.

बायको : का?

सर : मला वाटलं, ओढलं की थांबेल, सोपं जाईल. एकाच हाताने सगळं होईल. टेकताना तीच स्टिक ओढतो हे... इतकी वर्षं ओढतोय, हात आपोआप ओढतो, डोक्यात आलंच नाही. टेबलावर चाक फिरवून बघितलं, छान थांबलं.

बायको : "का" विचारलं मी. कसं ते दिसतंय.

सर : हे बोट. डाव्या हाताचं. कळीवर ठेवलं की ठरत नाही. थरथरतं. मागच्या महिन्यात उतरताना ब्रेक चालू-बंद, चालू-बंद होत होता. तू म्हणालीस, झडप बघते. झडप बदललीस तू.

बायको : झडप बदलली मी! दोन दिवस ती झडप उघडून बसले होते, माझंच काय चुकतंय म्हणून. जेवताना तुम्ही माझ्यासमोर बसून विचारत होतात, "सापडलं का?"

सर : हो.

बायको : कधीपासून थरथरतंय?

सर : थंडीपासून.

बायको : आणि मी वेडी, तुम्ही हात खिशात घालून बसायचात म्हणून स्वेटर विणत बसले.

सेक्रेटरी : वहिनी, होतं असं. वय झालं की...

बायको : तुम्ही मध्ये पडू नका! बोटाचा राग नाही मला. बोट तुमचं थरथरलं, उद्या माझंही थरथरेल. डेपोत एक ड्रायव्हर होता, गुडघा गेलेला. पेडल दाबवत नव्हतं. तो माझ्याकडे आला, म्हणाला, ताई, असं असं आहे. मी त्याला पेडल हलकं करून दिलं. पुढे सहा वर्षं त्याने बस चालवली. कारण तो येऊन बोलला! तुम्हाला कळ मोठी करून दिली असती, उजव्या हाताला दिली असती. मी बसलेय कशाला इथे?

सर : बोलणार होतो.

बायको : कधी? रविवारी वीस माणसं गोळा झाली, सगळे विचारत होते काय झालं, काय झालं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? सांगा ह्यांना.

सर : "ब्रेक हिने बसवले होते."

बायको : खोटं नाही बोललात हो. मास्तर आहात, खोटं कसं बोलाल? खरं तेवढं बोललात आणि बाकीचं माझ्या अंगावर ढकललंत. मी तिथे तुटलेला पाय हातात घेऊन उभी होते. लोक माझ्याकडे बघत होते. चाळीस वर्षांच्या संसारात असं एकटं नव्हतं सोडलं तुम्ही मला.

सर : चुकलं माझं.

बायको : मला सांगून काय उपयोग? माझं नाव फळ्यावर लागणार आहे.

सेक्रेटरी : नाही नाही, ते मी खोडतो. "तांत्रिक कारण" असं लिहितो. कोणाचंच नाव नको. तुमची शान राहिली, सरांचीही राहिली.

बायको : आणि डॉक्टर? त्यांना "तांत्रिक" म्हणजे काय वाटेल? "बाईंना जमलं नाही, सेक्रेटरींनी झाकलं," हेच ना?

सेक्रेटरी : पण वहिनी, खरं लिहिलं तर नियम आड येतो. हाताला त्रास आहे असं कागदावर आलं की हात ठीक असल्याचा दाखला मिळेपर्यंत सरांना उडवता येणार नाही. आणि असा दाखला... आजवर कोणाला मिळालेला मी तरी बघितला नाही.

बायको : म्हणजे बंद?

सेक्रेटरी : बंदच म्हणायचं.

सर : काय गं? तूच सांग, काय करायचं?

बायको : काय बोलू? आता मी म्हणायचं का, राहू दे, माझं नाव जाऊ दे? की म्हणायचं, लिहा, आणि ह्यांचं उडवणं बंद करा? दोन्ही माझ्याच तोंडून वदवून घेणार? नाही. मी काहीच सांगणार नाही. हे तुमचं तुम्ही बघा. परवा बघायला हवं होतंत, आज बघा.

सर : ...सेक्रेटरी, नवा फॉर्म आहे का?

सेक्रेटरी : आहे एक. पण सर, घाई नको. चार दिवस विचार करा.

सर : चार दिवसांनी मी पुन्हा गप्प बसेन. ओळखतो मी मला. लिहा. कारण : उडवणाऱ्याने ब्रेकची कळ जोडणी करणारीला न विचारता बदलली.

सेक्रेटरी : एवढं पुरे. बोटाचं नको लिहायला.

सर : मग लोक विचारतील, का बदलली. लिहा. डाव्या हाताच्या बोटाला थरथर आहे, ती त्याने सर्वांपासून लपवली. जोडणीत कोणताही दोष आढळला नाही. "कोणताही"मधला 'ही' जोडून लिहा, तोडू नका.

सेक्रेटरी : जोडणी करणार : सरांच्या...

सर : ते खोडा. तिथे लिहा, निवृत्त ब्रेक फिटर, बस डेपो, एकतीस वर्षं.

सेक्रेटरी : लिहिलं. सही इथे, चौकटीत. पेन घ्या. अरे, अरे... सावकाश. वहिनी, कागद हलतोय, पेन ठरत नाहीय. जरा हात धरता का त्यांचा?

बायको : नाही. सही त्यांची आहे. लागू दे कितीही वेळ, मी इथेच उभी आहे.