सर्जाचं सर्टिफिकेट

न्हाई न्हाई ताई, गोठ्यात कुठं निघालात — गोठा रिकामा हाय, शेण दिसतंय का तिथं कुठं? — सर्जा त्यो काय, चिंचंखाली, झूल पांघरून उभा हाय. त्योच. अशा काय बघताय? मोटरसायकलच हाय ती, तुमचं डोळं चांगलं हायेत. आमच्या मालकांनी फोनवर काय सांगितलं तुमाला — सर्जा दोन दिस झालं उठंना, नुसता धापा टाकतोय, परवा शर्यतीच्या घाटात पळायचाय, सर्टिफिकेट पायजे — एवढंच ना? मग त्यात खोटं काय? बैल असं म्हणलं का ते? न्हाई ना? बैल तुमीच धरलात मनानं. बसा. पिशवी ठिवा खाली, सुया नका काढू उगं. मालक घोडेगावला हळद आणाया गेल्यात, ते यायच्या आत मला बोलायचंय तुमच्याशी. काय नाव म्हणलात — तेजस्विनी? छान. तर तेजस्विनीताई, काम सोपं हाय. सर्जा पळायला लायक न्हाई, असं कागदावर लिवायचं, सही ठोकायची, चहा प्यायचा अन् जायचं. न्हाई लिवलंत तर परवा शिनोलीच्या यात्रंत आमचा म्हातारा चार बैलांच्या म्होरं जाऊन मान मोडून घेणार, अन् ती मान काय तुमाला जोडता यायची न्हाई, तुमी पडला जनावराच्या डॉक्टर.

आता तुमी म्हणाल, मोटरसायकलला मी सर्टिफिकेट कसं देऊ. बरोबर हाय, मी बी तेच म्हणलं. पर आमचं दादाभाऊ हायेत ना, यात्रा कमिटीचं अध्यक्ष, त्येंनी ठराव केलाय — सरकारचा नियमच हाय म्हणं — घाटात जे पळंल त्याला जनावराच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट पायजे. जे पळंल ते! बैल असं लिवलंच न्हाई त्येंनी, घाईत ऱ्हायलं. बैलांच्या म्होरं घोडी पळती न्हवं का, तिच्या मागं बैल पळत्यात — ती दादाभाऊंची घोडी लंगडली. तर दादाभाऊ म्हणालं, घोडीच्या जागी हौशीरामची, म्हंजे आमच्या मालकांची, गाडी पळू द्या. आख्ख्या कमिटीनं माना हालवल्या! शाणी मान्सं, लेकराबाळांची मान्सं, अन् एकाला बी वाटलं न्हाई की आपण काय बोलतोय. अन् मालक घरी आलं ते काय चालत आलं व्हय? तरंगत आलं.

आता ह्यो सर्जा आला कुठून? तेबी सांगते. पयला सर्जा खरा व्हता, बैल व्हता, खिल्लार. मधी शर्यती बंद पडल्या व्हत्या ना, त्या सालांत त्यो बसून बसून म्हातारा झाला, अन् शर्यती सुरू झाल्या तवर त्याच्यात काय ऱ्हायलं नव्हतं. गेला. त्यो गेला अन् मालकांनी बोलणं टाकलं. म्हंजे टाकलंच, ताई. भाकर दे न्हाई, पाणी दे न्हाई, ताटाकडं बघायचं अन् जेवायचं. मी भिंतीशी बोलायची. कधी कधी मुद्दाम भांडाण काढायची, म्हणलं शिवी तरी देतील — शिवी बी न्हाई. शेवटाला मीच म्हणलं, जावा बेल्ह्याच्या बाजारात, एखादा खोंड घेऊन या. गेलं. दिवस बुडायच्या टायमाला रस्त्यावर ठाण ठाण ठाण ठाण आवाज आला, बाहीर येऊन बघते तर निळ्या धुरात आमचं मालक! मी म्हणलं, खोंड कुठंय? तर म्हणालं — अन् हे त्येंचं लई दिसांतलं पयलं वाक्य, ताई, आईशप्पत — म्हणालं, "कुशे, ह्योच."

जुन्नरचं हनीफभाई, गॅरेजवालं, बोकड घ्यायला आलतं बाजारात, गाडी बाभळीखाली लावून. मालकांनी तिला बघितलं अन् खोंड ऱ्हायलं बाजूला. म्हणं, छाती वर, कंबर बारीक, शेपूट उचललेलं, अंगात पाणी हाय. चेनच्या चक्राचं दात बघितलं! हनीफभाईंनी समजावलं, चाचा, ह्याला सुपरमोटो म्हणत्यात, गाडीचं अंग चिखलातलं अन् चाकं सडकेची, हौसेखातर बदलून बनवलेली असती, टू-स्ट्रोक हाय, शिकाऊ माणसाचं काम न्हाई. मालक म्हणालं, म्हंजे औताचा बैल घाटाला काढायचा, एवढंच ना? कळलं. हनीफभाई बिचारं पैसं अन् बोकड घेऊन यष्टीनं गेलं.

मग सुरू झालं! ह्येच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, ठाव हाय का तुमाला? टू-स्ट्रोकचं तसंच असतंय, पेट्रोल नुसतं घातलं तर आतनं आवळून बसती. तर मालकांनी घरातलं करडईचं तेल घातलं. घाण्याचं! सायलेन्सरातनं असा वास सुटला की आळीतली पोरं ताटल्या घेऊन आली, म्हणली, काकू, भजी कुणाची? मग एक दिस गाडी गुदमरली. मालक म्हणालं, पोट धरलंय. बैलाचं पोट धरलं की काय देतो आपण? एरंडेल! दिलं. गाडीला, ताई, एरंडेल पाजलं! मी कपाळावर हात मारून घेतला — अन् काय सांगू, सुटली की! अशी सुटली की थांबंना. हनीफभाईंना फोन केला, ते म्हणालं, चाचा, मागं रेसवाले बी एरंडीचंच तेल घालायचे. झालं! मालक त्या दिसापासून कुणाचं ऐकत न्हाईत. धूर असा कडू सुटतो, समोरची म्हातारी म्हणती, हौशीरामनं फेरी मारली की मला औषध लागत न्हाई.

पोळ्याला हँडलची खांदेमळणी केली, हळद अन् लोणी लावून. मग तसंच बसलं वर, हात सटाकले, अन् थेट दादाभाऊंच्या उकिरड्यात. बिरेक दाबतच न्हाईत! "हो, हो, हो रं" म्हणत्यात. बैल थांबायचा, ही कशी थांबंल? म्होरचा मडगार्ड उंच करून घेतला, हँडल रुंद केलं, शिंगं फाकलेली चांगली दिसत्यात म्हणून. आरसं काढलं — बैल मागं बघत न्हाई. सीट एवढी उंच की ह्येंचं पाय खाली टेकत न्हाईत, त्या ओट्यावरनं चढावं लागतं, अन् उतरायचं म्हणलं की मला हाक. वळायचं असलं तर खाली उतरून गाडी उचलून फिरवत्यात. अन् हे बैलांच्या म्होरं पळणार! मागं चार बैल उधळल्यालं, म्होरं हे "हो रं, हो रं". तुमीच सांगा, ताई, मी रात सारी डोळं उघडं ठिवून पडते ते काय उगं का?

हां? आजारी? न्हाई वो, आजारी कसला. धडधाकट हाय. ते दोन दिस किक मारत्यात अन् पेट घेत न्हाई, त्यांचा गुडघा सुजला भोपळ्यावानी — पर पेटंल कशी? पेट्रोलचा कॉक मीच बंद करून ठिवते, झूल घालताना. खाली, टाकीच्या पोटाला डाव्या अंगाला असतो बगा, बोटभर. ते कधी तिथं बघतच न्हाईत. दुपारी उघडायचा, अर्धा चोक, दोन किका, जरा येळ घुमवायची अन् मग चोक सोडायचा, न्हाईतर प्लग वला व्हतो — काय?

मला कसं ठाव? बघून बघून. घरात दुसरं बोलणं हाय का!

बरं. लपवून काय करू. पर कुणाला सांगायचं न्हाई. बघा, आमची आधीची एक गाडी व्हती, जुनी, फटफटी साधी. तिच्यावर मी मागं बसायची. तवा मालक बिरेक बी दाबायचं अन् वळवायचं बी — ती गाडी व्हती, ह्यो बैल झालाय! घोडेगावचा बाजार, भीमाशंकर, माझ्या भावाकडं निमगाव सावा — सगळं मागं बसून बघितलं मी. ही आणली तवा म्हणलं, चला, परत सुरू. अन् एक दिस बघते तर मालक करवत घेऊन बसल्यात अन् सीटचा मागचा तुकडा कापून बाजूला! म्हणालं, मागनं हालकी पायजे, पळायला. आता माझं काय म्हणणं न्हाई, कापा, तुमची गाडी, तुमची करवत — मी काय त्याच्यासाठी बोलत न्हाई, मी मानंसाठीच बोलतेय — पर एकदा इचारायचं तरी? माणूस बसत व्हतं तिथं. बोलाया लागलं म्हणून मी एरंडेलाचा धूर बी गोड मानला, अन् बोलणं सगळं त्या टाकीशी. "सर्जा, जेवला का." मी जेवले का कोण इचारतंय?

तर त्या दुपारी ते निजलं व्हतं. मी म्हणलं, बघू तरी एकाचीच जागा कशी असती. बसले. माझं पाय टेकतात, मी ह्येंच्यापेक्षा उंच हाय, लग्नातच लोक हसलं व्हतं. अन् लुगड्याचा कासोटा, ताई — जशी काय त्यासाठीच केल्याली सोय! कॉक, चोक, किक. पयला गेर पडला अन् मी हँडल गच्च आवळलं. पर दुसऱ्याला हासू आलं. तिसऱ्याला मी रडत व्हते का हासत व्हते मला ठाव न्हाई, वारा लई व्हता. मग रोजच. कॅनॉलच्या कडंनं पार पुलापातुर अन् परत. लोकांनी वळखू नये म्हणून ह्येंचा फेटा बांधायची, शेमला तोंडावरनं घ्यायची. अन् गावानं काय करावं? हौशीराम काय पळवतोय, हौशीराम काय वळवतोय! दादाभाऊंनी सोता बघितलं, त्येंचं बैल चरत व्हतं कॅनॉलला, मी गेले तशा चौघांनी माना वर केल्या अन् लागलं की माझ्या मागं! दावी तोडून! मी वळले की वळायचं, मी थांबले की थांबायचं. त्याच सांजच्याला दादाभाऊ इथं आलं, म्हणालं, हौशीराम, घाटात घोडीच्या जागी तूच. मला वाटलं हे म्हणतील, मी न्हवतो बाबा. तर मालक इथं बाजंवर बसून मिशीला पीळ देत म्हणालं, "त्यात काय एवढं, हात बसलाय आता." हात बसलाय! झोपलं व्हतं हो! घोरत व्हतं! मी चहा ओतत व्हते, कप तसाच भरून बशीत वाहात व्हता. आता त्येंना सोताला बी खरं वाटाया लागलंय. गावात आयकून आलं अन् पप्पूला, आमच्या थोरल्याला, फोन करून सांगितलं, "काल पुलावर गाडी जरा घसरली, पर मी सावरली." मी सावरली, ताई! मी!

म्हणून म्हणते, लिवा, सर्जा लायक न्हाई.

काय? तपासल्याबिगर लिवणार न्हाई? बाई लई नियमाची हायेस तू. बरं, तपास. झूल काढते थांब — ह्यो बघ कॉक, हा उघडला. चोक. सरक जरा. ही एक — अन् ही दोन.

आयकलंस? कसा वाजतोय! आन ती नळी, लाव इथं, पोटाला, भाजंल, जरा बाजूनं लाव. हाय का कुठं खरखर? ठोका चुकतोय का? न्हाई ना? प्लग काल घासलाय मी पॉलिशपेपरनं, तेल मापात हाय. ह्येला लायक न्हाई म्हणायचं? न्हाई गं, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. खोटं कशाला लिवायचं मुक्या जिवाबद्दल. थांब, बसूनच दावते, म्हंजे आवाज नीट — बघ. आता लिव. सर्जा, रंग तांबडा, पळायला तंदुरुस्त. लिवलंस? दुसरा कागद घे. हौशीराम. रंग सावळा. दात निम्मं. उजवा गुडघा सुजल्याला. पळायला लायक न्हाई. — का? जे पळंल त्याला सर्टिफिकेट लागतंय ना? कमिटीचाच ठराव हाय! मार शिक्का.

आलं बघ मालक. घाबरू नको, मी बोलते. — आवो, हळद आणली? ठिवा तिथं. बरा झाला, हां, तुमचा सर्जा. डॉक्टरीणबाईंनी बरा केला. न्हाई, उतरत न्हाई मी. परवाच्याला बी उतरणार न्हाई, अन् फेटा बी बांधणार न्हाई, बघू द्या दादाभाऊंना. ओरडू नका, बैल कुणाच्या मागं पळालं व्हतं ते बैलांना जाऊन इचारा. बसा त्या ओट्यावर, ताई गुडघा बघतील तुमचा. — कुठं म्हंजे? घोडेगावला. बाजाराला. तुमी? तुमी कसं येणार वो? मागं जागा कुठं ठिवलीय? सरका म्होरनं.