आप्पांची हाळी

आमी मूळचे माळशिरसकडचे, मेंढरं राखणारे. आता हितं जुळे सोलापुरात भाड्यानं राहतोय, मी आन् आप्पा, म्हंजे माझे वडील. गाणी मीच लिहिते, मीच म्हणते, संगं माझं गिटार, एक ढोलवाला, एक ड्रमवाला. फोक-रॉक म्हणत्यात त्याला, आप्पा कलकलाट म्हणायचे. कंपनी न्हाय, कोण न्हाय, आपणच रेकॉर्ड करायचं आन् आपणच नेटवर टाकायचं.

काय सांगू तुमाला, आमच्यात दर मेंढक्याची हाळी येगळी असती, मेंढरं तेवढ्याच हाळीला वळत्यात, दुसऱ्या कुणी गळा फाडला तरी येत न्हाईत. आन् ती पोराला शिकवायची, पोरीला न्हाय, का तर पोरगी नांदायला गेली की हाळी बी दुसऱ्याच्या कळपात जाती. दादाला, माझ्या भावाला, शिकवून शिकवून दमले आप्पा, त्याला जमली न्हाय. मी नुसती ऐकून उचलली, लहानपणी मी हाळी दिली की मेंढरं पळत यायची, तवा आप्पा चिडायचे बी आन् मिशीतल्या मिशीत हसायचे बी.

पुढं तीच हाळी मी गाण्यात घातली. गाणं लई चाललं, माझं तेवढं एकच चाललं बघा, नव्या पेठेत दुकानात वाजायला लागलं की मी उगंच थांबायची. आप्पांना म्हणले, तुमचा बी आवाज रेकॉर्ड करूया की, तर म्हणले, मशीनला हाळी देऊन काय करू, ती काय मेंढी हाय? मी हसले आन् सोडून दिलं.

मग तिकडं गावाकडं आप्पांना अर्धांग झालं, वाचा गेली. दादाचा फोन आला, मेंढरं ऐकंनात, लोकांच्या उसात शिरत्यात, लोक भांडाय येत्यात, तू ये. मी गेले. आप्पांची बाज दारात आणून ठेवली हुती. मी हाळी दिली. मेंढरांनी नुसती मान वर केली आन् परत चरायला लागली. परत दिली, परत दिली. तवा माझं मलाच ऐकू आलं, मी गाण्यातली देत हुते. ढोलाच्या ठेक्यात बसवताना कुटंतरी लांबवली हुती, माईकवर तशीच म्हणून म्हणून गळ्यात तीच बसली, आन् आधीची कशी हुती ते आठवंचना. आप्पांनी तोंड फिरवलं. दादानं मेंढरं बाजारात न्हेऊन इकली, आन् आप्पांना मी हितं माझ्याकडं आणलं.

आता कार्यक्रमात लोक तेच गाणं मागत्यात, सगळी एका सुरात हाळी देत्यात, चुकीची, माझीच. मी म्हणते, दुसरं करावं काय, पोट त्याच्यावरच हाय.

तिनीसांजेला आप्पा गॅलरीत बसून तोंड उघडत्यात, नुसती हवा येती. मग मी हाळी देऊन बघते, कदी जरा वर चढवून, कदी मधीच तोडून. ते मान हलवत्यात, न्हाय. रोज न्हायच. ती आता गावत न्हाय, मला बी ठावं हाय, त्यांना बी, तरी बसतोय दोघं. तुमचे वडील हायत न्हवं? बोलते हायत न्हवं? ऱ्हाऊ द्यात बाबा, लई वर्सं बोलते ऱ्हाऊ द्यात.