बिडीशेठचं खोकल्याचं शिबिर

तुम्ही एवढं शिबिरांचं कौतुक करून राहिले, तर मोहाडीकडचं आमचं शिबिर ऐका. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. खोकल्याच्या रोग्यांसाठी शिबिर ठेवलं होतं. मंडप आणि जेवण गावातल्या बिडी कारखानदाराचं, म्हणून शेठजी डॉक्टरांना खेटूनच बसले. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "भाषणात तंबाखूचं नाव नको. लोकाईले कायले घाबरवता?"

आणि आमच्या एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांनी मान डोलावली! अर्धा तास ते घरातली ओल आणि चुलीचा धूर यावरच बोलले. मी गोळ्यांच्या डब्यामागे उभा राहून गुमान ऐकलं, माझीही तेवढीच लायकी.

मग सिंधूबाई उठली. शेठजींच्याच कारखान्यात ती लहानपणापासून बिड्या वळायची. खोकत खोकत तिनं विचारलं, "डाक्टरसाहेब, तंबाखूच्या भुकटीनं मले हा खोकला होऊन राहिला का?"

डॉक्टरांनी हळूच शेठजींकडे पाहिलं.

सिंधूबाई म्हणाली, "तिकडं काहून पाहून राहिले, साहेब? खोकला त मले हाये."