हाताची सोनोग्राफी

मायबापहो, बायांनो, अन् डॉक्टरांच्या घरच्या ताई, मला सभेत बोलायची सवय न्हाई. पण सतीश डॉक्टरांच्या शोकसभेत मी गप बसावं, हे मनाला पटंना.

मी औशाजवळच्या खेड्यातली. सोयाबीनची रास चालू होती. मळणी यंत्राच्या पट्ट्यात पदर गेला, अन् पदरामागं हात. कोपराच्या वर मोडला. बोटं गार, पांढरी फटक.

दवाखान्यात आलो तर लाइट गेलेली, एक्स-रे बंद. डॉक्टरांनी बॅटरीवर चालणारी छोटी सोनोग्राफीची मशीन खाटेजवळ आणली. मी तसल्या तकलीफीत बी वरडले, "अहो साहेब, हात मोडलाय! माझी नात शाळंत जाती, आता मला कुठलं लेकरू?" सिस्टरला हसू आवरंना. डॉक्टर म्हणले, "मावशी, ह्यात हाड बी दिसतं अन् रक्त बी."

आमच्या मालकांना लई घाई. म्हणले, "हाडवैद्याकडं नेतो. बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या की हाड बसतंय." डॉक्टर चिडले का? न्हाई. मालकांना जवळ बोलावलं. आधी माझा चांगला हात दाखवला. पडद्यावर लाल रंग उड्या मारत होता. मग मोडलेला दाखवला. मनगटापाशी रंगच न्हाई.

"दादा, हाडानं रक्ताची नळी दाबलीय. वरून घट्ट बांधलं तर हात काळा पडंल. कापावा लागंल."

मालकांनी हाडवैद्याचं नाव सोडलं. म्हणले, "तुमी म्हणाल तसं, साहेब."

मग डॉक्टरांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं अन् हळूहळू हात सरळ केला. बोलत राहिले माझ्याशी. पाऊस किती झाला, रास कितीक राहिली. अन् बघा, मनगटात रंग आला! आधी जरासा, मग चांगला. माझ्यापेक्षा डॉक्टरच खूश, लेकरावानी. लगेच लातूरला फोन करून आम्हाला गाडीत बसवलं. तिथं ऑपरेशन झालं.

असा माणूस छातीत कळ येऊन एकाएकी जातो. काय म्हणावं देवाला? मला लई राग आलाय त्याचा. ताई, तुमचं दुःख आम्हाला वाटून घेता येत न्हाई. पण औशाकडं तुमचं माहेर हाय, असं समजा. कवाबी या.

आता सगळे उठा. जरा वेळ कुणी बोलू नका.

डॉक्टर, मी तुम्हाला नमस्कार करते. दोन्ही हात जोडून.