बत्तीस वर्षं पंप आणि एक लाल गाडी

...“नाय चालायची,” म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, दोन वर्षं हा आमचा शेजारी श्रीपत रोज सकाळी माझ्या गॅरेजच्या दारात येऊन बसतो, चहा आमचा, कप आमचा, स्टूलसुद्धा आमचं, आणि घोट घेऊन म्हणतो काय, “सुहास, ही गाडी नाय चालायची!” का नाही चालायची? यंत्र आहे ना ते? माणसानंच जोडलंय ना? मग माणूस उघडेल! बिरवाडीला कंपनीत फिटर होतो मी... बत्तीस वर्षं पंप उघडलेत मी, बत्तीस वर्षं!

आता गॅरेज म्हणजे काय, गोठाच तो. पोलादपूरजवळ आमचं घर, म्हशी विकल्या, गोठा रिकामा झाला, त्यात ही गाडी. आणि गाडी म्हणजे अशीतशी नाही हो! विलायती, लाल, बसकी, दोन सीटची, चाकांना सायकलसारख्या तारा... शर्यतीची जात! आमच्याकडे कशी? तर आमचे बाबा, काशीराम, मुंबईत एका साहेबांकडे ड्रायव्हर. मोठी काळी गाडी बाबांनी चालवायची, ही लाल मात्र साहेब स्वतः चालवणार, बाबा शेजारी. दर मे महिन्यात आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला! आणि ताकीद काय? “काशीराम, हिला हात लावायचा तो फडक्यानं!” अठरा वर्षं, तुम्हाला सांगतो, बाबांनी त्या गाडीला फडक्यानंच हात लावला. साहेब गेले, मुलगा परदेशात, तो म्हणाला, काका, तुम्हीच घेऊन जा. टेम्पोत घालून आणली. पुढं वीस वर्षं कोण बघणार? कोंबड्यांनी बघितली! सीटखाली अंडी!

मी रिटायर झालो त्या आठवड्यातच बाबांनी हाक मारली. वय ब्याऐंशी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणाले, “सुहास, एकदा चालू कर रे तिला. मला एकदा चालवायची हाय. दुसरं काय मागत नाय.” आयुष्यात माझ्याकडं काही न मागितलेला माणूस! म्हटलं, बाबा, दोन महिन्यांत चालू. बत्तीस वर्षं पंप उघडलेत मी!

दोन महिने कुठले, दोन वर्षं गेली! बॉनेट उघडलं तर आत उंदरांचं सहकुटुंब घर. नट बघितले तर सगळे इंची, आपला एक पाना बसेल तर शपथ! पण कंपनीतले जुने पंप पण इंचीच होते ना, माझ्याकडं पान्यांचा आख्खा सेट! श्रीपतचं तोंड एवढंसं झालं. मग पिस्टन जाम. रॉकेलात भिजत घालायला भांडं हवं... घेतला एक डबा. दुसऱ्या दिवशी आतून आमच्या शर्मिलाचा आवाज, “अहो, माझ्या पोह्यांच्या डब्यात हे काय घातलंय?” म्हटलं, पिस्टन. “मग आता नाष्ट्याला तेच खावा!” आणि खरंच, तुम्हाला सांगतो, आठ दिवस नुसत्या चहावर काढले! सीटा महाडच्या रिक्षावाल्यांच्या कारागिराकडून शिवून आणल्या. त्यानं सवयीनं मागं ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ लिहून दिलं. राहू दे म्हटलं, खोटं थोडंच आहे?

आणि एक दिवस... घर्र... घर्र... धडाम! चालू! काळा धूर, कोंबड्या कौलांवर, श्रीपत चहासकट अंगणात! बाबा दारात उभे, काठीवर दोन्ही हात. डोळे पुसले आणि म्हणाले, “चल, आंबेनळी.”

ठरलं काय, की चढ मी चालवणार, वर सपाटीला बाबा. सकाळी निघालो. काय गाडी पळते हो! वाडीतली माणसं हात करतात, समोरचा एसटीवाला हॉर्न देतो, मी असा छाती काढून... आणि चौथ्या वळणावर फुस्स! बॉनेटातून वाफ, काटा लाल रेघेवर. उतरलो. म्हटलं, बाबा, घाबरू नका, बत्तीस वर्षं पंप उघडलेत मी! कार्बुरेटर उघडला, प्लग काढले, हे सोडलं, ते फुंकलं... अर्धा तास! हात काळे, तोंड काळं. वाटलं, आता ह्या माणसाला टेम्पोत घालून परत नेऊ कसं?

बाबा आपले सीटवर शांत. म्हणाले, “झालं का तुझं? मघापासून चीं चीं करते ती, ऐकू नाय आलं? पट्टा ढिला हाय. साहेबांचा पण ह्याच चढावर व्हायचा.”

बघतो तर खरंच! पट्टा ढिला, म्हणून पाण्याचा पंपच फिरत नव्हता! पंप हो! गाडीत एकच गोष्ट मला जन्मभर येते, आणि तीच मी बघितली नाही! गुपचूप पट्टा ताणला, गार झाल्यावर पाणी घातलं. वर बघतो तर बाबा स्टिअरिंगवर.

“बाबा, सपाटी यायचीय अजून.”

“सरक.”

“अहो, चढ आहे, दरी आहे, डोळा...”

“चष्मा लावलाय. बस म्हटलं ना!”

बसलो. आणि तुम्हाला काय सांगू... गिअर असा पडत होता, जसा लोण्यात चमचा! अठरा वर्षं शेजारी बसून माणसानं एकेक वळण पाठ केलेलं! मी सीट धरून देवाचं नाव घेतोय, आणि बाबा चक्क शीळ घालतायत. माझ्या बापाला शीळ येते, हे मला साठाव्या वर्षी कळलं! वर पोचल्यावर उतरले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, “झालं बघ माझं.”

इथं संपायला पाहिजे होतं हो! पण परत येताना बाबा खुशीत, प्रत्येक वाडीत थांबले आणि ज्यानं ज्यानं विचारलं त्याला कबूल झाले, “तुझ्या पोराच्या लग्नाला घेऊन जा की, सुहास येईल चालवायला!” सतरा लग्नं! आता शर्यतीची ही गाडी, मीटरवर दीडशेपर्यंत आकडे, आणि मी भर उन्हात पहिल्या गिअरमध्ये बँडच्या मागं, माणसाच्या चालीनं. काटा पाचाच्या वर नाही. आणि शेजारी फेटेवाला नवरदेव घाम पुसत विचारतो, “काका, हिला एसी नाय?”