वर्षालीची जागा

"हॅलो?… कोन?… जोरात बोला, नाई ऐकू येत."

माणिकबाईंनी फोन खांद्याशी दाबला. दर्यापूरच्या बाजारासाठी त्या वांगी तोडत होत्या.

"अकोल्यावून?… शेतकी कॉलेज?… हां, वर्षालीची आईच बोलून राहिली. माहा नंबर तुमाले कोनं देल्ला?… तिनंच? कोनता फारम भरला तिनं? मले नाई माहीत… हे पाहा, ओटीपी-बिटीपी काई सांगत नसतो मी."

पलीकडच्या मॅडम चिवट होत्या.

"हो, हो… ऐकून राहिली न. फी माफ, होस्टेल माफ, जेवन माफ. काहून?… ज्या घरातून कोनी कॉलेजात गेलं नाई, त्या घरच्या पोरींसाठी?… अन् मंग तिचा फोटो पेपरात छापान… नाई? मंग तुमाले काय भेटते याच्यात?… मॅडम, शेती तं ते सा वर्साची होती तवापासून करून राहिली. त्याले कॉलेज कायले पाह्यजे?"

माणिकबाईंचा संशय जाईना. त्यांनी मॅडमचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं.

"तुमी खरंच शेतकीच्या असान तं सांगा, माह्या वांग्याचे शेंडे काहून माना टाकून राहिले? पानी तं बराबर देतो मी… तोडू शेंडा?… उभा चिरू? थांबा."

त्यांनी नखानं शेंडा चिरला. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"…हाय. अळी हाय. तुमाले तिकडून कसं समजलं?… फारमात? वर्षालीनं लिवलं?… मलेबी सांगतलं होतं म्हनते?"

माणिकबाईंनी तो शेंडा अळीसकट मोडून टाकला.

"हो… सांगतलं होतं. मी म्हनलं, आंधी तोडनं पुरं कर."

मॅडम पुढे बोलत होत्या.

"होकार आजच द्या लागते? पाच वाजेपर्यंत?… नाई तं जागा दुसऱ्या पोरीले?… तिच्या बापाले मी समजावतो. पन एक इचारू का? होस्टेलच्या खोलीले आतून कडी लागते न?… अन् रातच्याले तिथं कोन राह्यते?… बाईच? नाव काय तिचं?… गंगूबाई. कोन्या गावची?… मूर्तिजापूरची. बरं."

त्यांनी हात लुगड्याला पुसले.

"मंग लिवा. होकार आईचा, म्हनून लिवा. नाव, माणिकबाई… हॅलो? मॅडम?… हॅलो?"

रेंज गेली होती. वांग्याची टोपली तशीच टाकून माणिकबाई डांबरी रस्त्याकडे भरभर निघाल्या. तिथं रेंज येते. चालता चालताच त्यांनी तो नंबर परत लावला.